रास्पबेरी खा हो, पण शुगरची गोळी कशाला बंद करता?

"रास्पबेरी म्हणजे देवाने दिलेलं लाल इन्सुलिन" असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. महिनाभर रोज मूठभर खा, शुगर मुळापासून जाते, गोळ्या सुटतात, पोटाची चरबी वितळते, संत्र्याच्या दहापट व्हिटॅमिन सी मिळतं, कॅन्सरच्या पेशी मरतात, आणि हे सगळं सूर्योदयाआधी कोमट पाण्याबरोबर. एरवी मी असल्या मेसेजला हात जोडून पुढे जाते, पण इथे इंदूरला, रामबागेतल्या आमच्या काकूंनी मेटफॉर्मिन, म्हणजे त्यांची शुगरची गोळी, बंद केली आणि वर रास्पबेरीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलची बाटली मागवली, तेव्हा डोकंच फिरलं.

शुगरचं आधी. खरं आहे तेवढं मान्य करते, नाहीतर म्हणाल हिला सगळंच खोटं वाटतं. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा २०१९ चा अभ्यास आहे, ३२ माणसं, त्यातली बरीचशी डायबेटिसच्या उंबरठ्यावरची. भरपूर कार्बवाल्या नाश्त्याबरोबर २५० ग्रॅम रास्पबेरी दिली तर प्रीडायबेटिसवाल्यांची नंतरची शुगर कमी चढली. बरं. पण २५० ग्रॅम म्हणजे मूठभर नव्हे, आणि मोजले ते नाश्त्यानंतरचे काही तास. गोळी सोडा असं त्यात कुठे आहे?

मेटफॉर्मिन काय करते ते तरी बघा. रात्रभर आपण काही खात नाही तेव्हा लिव्हर रक्तात साखर सोडत असतं, डायबेटिसमध्ये ते जरा जास्तच सोडतं आणि ही गोळी मुख्यतः त्याला आवरते. म्हणून तर रात्री जिलबीला हात न लावताही सकाळची फास्टिंग वाढलेली येते. आता पोह्यांवर जिरावण मसाल्याऐवजी रास्पबेरी घातली तरी रात्रीच्या त्या लिव्हरला काय फरक पडणार? काकू म्हणतात, "अगं पण मला काही त्रासच होत नाहीये." तेच तर ना काकू, वाढलेली शुगर दुखत नाही! डोळ्यांचा पडदा, किडनी, पायांच्या नसा, सगळं गुपचूप खराब होत राहतं.

आता ती बाटली. पुढे लालचुटुक फळांचा फोटो, मागे बारीक अक्षरात रास्पबेरी कीटोन २०० मिग्रॅ आणि खाली कॅफिन. कीटोन म्हणजे रास्पबेरीला वास देणारं द्रव्य, एक किलो फळात फार तर ४ मिग्रॅ, म्हणजे एका कॅप्सूलएवढं फळातून काढायचं तर ५० किलो रास्पबेरी लागेल, त्यामुळे बाजारातलं बहुतेक लॅबमध्येच बनतं. चरबीची गोष्ट आली उंदरांवरून. २००५ च्या प्रयोगात त्यांच्या खाण्यात एक-दोन टक्क्यांपर्यंत कीटोनच मिसळलं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेत टीव्ही शो करणारे डॉक्टर, डॉ. ऑझ, यांनी त्याचा टीव्हीवर उदोउदो केला आणि धंदा सुरू. २०१४ मध्ये त्यांना सिनेटच्या समितीसमोर बसवून वजन घटवण्याच्या असल्याच दाव्यांबद्दल चांगलंच झापलं, ते मात्र फॉरवर्ड होत नाही. माणसांवर जे थोडं झालंय त्यात कॅफिन आणि इतर चार गोष्टी एकत्र, मग श्रेय कोणाला द्यायचं? आणि काकूंना बीपी आहे, त्यात हे कॅफिन.

व्हिटॅमिन सी: १०० ग्रॅम रास्पबेरीत साधारण २६ मिग्रॅ, संत्र्यात ५० च्या आसपास. दहापट सोडा, निम्मंच आहे. पेरूत दोनशेच्या वर, ठेल्यावर मिळतो, आणि रास्पबेरीची सव्वाशे ग्रॅमची डबी घ्यायला गेलं की तीन-चारशे रुपये.

कॅन्सरच्या पेशी मरतात त्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, फळातला अर्क थेट ओतल्यावर. पोटातून रक्तात किती पोचतं हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलाच नाही.

फळ वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. १०० ग्रॅमला साडेसहा ग्रॅम फायबर आणि साखर जेमतेम साडेचार ग्रॅम, शुगरवाल्यांना चिकूपेक्षा कधीही बरी. महाबळेश्वरहून कोणी आणली तर खुशाल खा.

आणि सूर्योदयाआधी का, ते फॉरवर्डमध्येही लिहिलेलं नाही. कोमट पाणी प्यायचं तर प्या, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.