दोन लिटर बुरशी आणि नव्वद टन चुनखड

तासगाव-पलूसकडच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'एकरी दोन लिटर बुरशी ड्रिपमधून सोडा. बुरशी मातीत खनिजं तयार करते, स्फुरद-पालाशची खतं बंद करा. महिन्यात चुनखड गायब. पांढरं जाळं दिसलं की काम झालं समजा.'

बुरशी खनिजं तयार करते, हे गंमत म्हणजे खरंच आहे. फक्त ती वेगळी. तिच्या तंतूंतून ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, त्याला मातीतलं कॅल्शियम भेटलं की तंतूंवरच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे बारीक स्फटिक धरतात. यात नवा स्फुरद कुठून येणार? मातीत अडकलेला थोडाफार ती मोकळा करते, एवढंच. उसाच्या ट्रॉलीतून कारखान्याला गेलेलं पालाश ती परत आणत नाही.

आता चुनखड. एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ९ लाख किलो भरते. माती परीक्षणाच्या कागदावर मुक्त चुना, म्हणजे हीच चुनखड, १० टक्के असेल, तर तो झाला ९० टन. समोर बाटली दोन लिटरची! बुरशी रानात वाढते हे कबूल, आम्लानं चुना विरघळतो हेही कबूल. पण कॅल्शियम जातं कुठं? ऑक्झॅलेट जिवाणू खातात आणि सुटलेलं कॅल्शियम पुन्हा चुना होऊन बसतं. चुनखडीच्या काही खड्यांचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर चुना चढून दगड झालेले बुरशीचे तंतू दिसतात. जी घालवायला बुरशी विकतायत, ती घडवण्यातही बुरशीचाच हात.

पांढऱ्या जाळ्याचं फार मनावर घेऊ नका. कुजत्या पाल्यावर कुठलीही बुरशी धरते आणि पिकाच्या मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. परवा एकानं 'बाटलीचा गुण' म्हणून पांढुरकं ढेकूळ आणलं. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब सोडले, तर सोडावॉटरसारखं फसफसलं. चुनाच होता. क्षारपड रानातलं पांढरं तर चिमूटभर पाण्यात टाकलं की विरघळतं, ते मीठ.

ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी हळदीच्या कंदकुजीसाठी शेणखतातून जरूर द्या, मीही देतो. द्राक्षाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर मात्र ते चुनखडीतलं लोहाचं दुखणं आहे. त्याला ईडीडीएचए चिलेट, म्हणजे चुनखडीतही मुळांना लोह मिळू देणारं खत लागतं.