मराठी पत्ते कापता येत नाहीत? आधी लांबी कशात मोजली ते बघा

नागपुरात डेटाचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश सारखा फिरतोय. त्यातले सल्ले थोडक्यात असे. पत्त्यातून पिनकोड हवा तर उजवीकडून तुकडा काढणाऱ्या राइट फंक्शनने शेवटची सहा अक्षरं घ्या. आधी ट्रिम लावला की मोकळ्या जागांची कटकट संपते. स्वल्पविरामापर्यंतचं गाव काढताना एरर आली तर व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या अटीत, स्वल्पविराम असलेल्याच ओळी घ्या. आणि पत्ते मराठीत असतील तर आधी रोमन लिपीत करून घ्या, कारण मराठी मजकूर डेटाबेसला नीट कापता येत नाही. मी हे लिहायला बसलो ते या शेवटच्या वाक्यामुळे. पण बाकीच्या सल्ल्यांनीही लोकांचे दिवस वाया जातात, म्हणून पहिल्यापासून सुरुवात करतो.

शेवटची सहा अक्षरं म्हणजे पिनकोड, हे यादी हाताने नीट केलेली असेल तेव्हाच खरं. माझ्याकडे संत्रा बागायतदारांची एक यादी आली होती, विंडोजवर एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही फाइल. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये भरली, राइट लावला, आणि धरमपेठेच्या पत्त्यांपुढे ४४००१० ऐवजी ४००१० दिसायला लागलं. सहा मागितले आणि पाचच दिसतात, म्हणजे सहावं काहीतरी आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी पडद्याकडे बघत बसू नये, त्याच तुकड्यावर हेक्स फंक्शन चालवावं, ते न दिसणाऱ्या चिन्हाचाही कोड दाखवतं. माझ्याकडे उत्तर आलं ३४ ३० ३० ३१ ३० ०डी. ते शेवटचं ०डी म्हणजे कॅरेज रिटर्न, ओळ संपवणारं एक चिन्ह. विंडोजच्या फाइलमध्ये ओळ दोन चिन्हांनी संपते, आणि फाइल भरणाऱ्या लोड डेटा आदेशाला मी एकच चिन्ह सांगितलं होतं. दोन्ही सांगितल्यावर पिनकोड पूर्ण आला.

ट्रिम इथे काही करत नाही, कारण तो मुळात साधी मोकळी जागा काढतो, कोड क्रमांक ३२. टॅब, ओळ संपवणारी चिन्हं, वर्ड किंवा वेबपानावरून चिकटून येणारी १६० क्रमांकाची न तुटणारी जागा, हे सगळं तसंच राहतं. शिवाय कितीतरी लोक पिनकोड ‘४४० ०१०’ असा मधे जागा सोडून लिहितात. त्याची शेवटची सहा अक्षरं होतात ‘४० ०१०’. त्यापेक्षा मायएसक्यूएल ८ मधलं रेगएक्स्प सबस्ट्रिंग वापरा आणि नमुना सांगा: तीन आकडे, मधे असली तर एक जागा, पुढे तीन आकडे, दोन्ही बाजूंना लागून आणखी आकडा नाही. ही शेवटची अट विसरलात तर पत्त्यात लिहिलेल्या मोबाइल नंबरातलेच सहा आकडे उचलले जातील.

व्हेअरचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो बरेचदा चालतो. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये चिन्हाची जागा शोधणाऱ्या चारइंडेक्सला स्वल्पविराम सापडला नाही तर तो शून्य देतो. त्यातून एक वजा केला की डावीकडून तुकडा काढणाऱ्या लेफ्टला उणे एक लांबी मिळते आणि लांबी अवैध असल्याची एरर येते. व्हेअर लावला तरी सिलेक्टमधला, म्हणजे काय काढायचं ते सांगणाऱ्या भागातला, हिशोब गाळणीनंतरच होईल अशी हमी नसते. डेटाबेसने क्वेरी चालवायचा ठरवलेला क्रम, म्हणजे प्लॅन, बदलला की कालपर्यंत चालणारी क्वेरी आज पडते. चारइंडेक्सवर नलइफ लावून शून्याचं नल, म्हणजे रिकामं मूल्य, करा, म्हणजे त्या ओळीचं उत्तरच नल येईल, एरर येणार नाही.

पण एरर येते तिथे निदान कळतं तरी. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये लेफ्टला उणे एक दिलं की तो एरर देत नाही, शेवटचं एक चिन्ह सोडून बाकी सगळं परत करतो. स्वल्पविराम नसलेल्या ओळीत ‘काटोल’चं ‘काटो’ होतं, ‘उमरेड’चं ‘उमरे’. अशी लेबलं मी छापून आलेली पाहिली आहेत. पेट्यांवर चिकटवायच्या आधी कोणीतरी वाचली म्हणून निभावलं.

आता मराठीचं. माझ्या शेजारी बसणारा पोरगा मला म्हणाला, “भाऊ, मराठी असलं की कटतच नाही ना, पूर्ण ओळच वापस येते.” त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, कारण मात्र चुकीचं. त्याची क्वेरी अशी: एकूण लांबीतून स्वल्पविरामाची जागा वजा करायची आणि तेवढी अक्षरं उजवीकडून घ्यायची. ‘रामटेक, नागपूर’ हे घ्या. स्वल्पविराम सातव्या जागी आहे. एकूण चिन्हं १४. पण त्याने लेंग्थ वापरलं होतं, आणि मायएसक्यूएलमध्ये लेंग्थ चिन्हं नाही, ती साठवायला लागणारे बाइट मोजतं. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून लांबी आली ३८. ३८ वजा ७ म्हणजे ३१. १४ चिन्हांच्या ओळीतून उजवीकडची ३१ मागितली तर पूर्ण ओळच येणार. लेंग्थच्या जागी चिन्हं मोजणारं चार लेंग्थ (CHAR_LENGTH) घातलं, १४ वजा ७ झाले ७, आणि ‘नागपूर’ आलं, पुढच्या एका मोकळ्या जागेसकट. रोमन पत्त्यांत बाइट आणि चिन्हं सारखीच असतात, म्हणून ही चूक तिथे लपून राहते. पोस्टग्रेसमध्ये लेंग्थ चिन्हंच मोजतं, त्यामुळे तिथली क्वेरी जशीच्या तशी मायएसक्यूएलमध्ये आणली की हेच होतं.

चिन्ह म्हणजे आपण वाचतो ते अक्षर नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं. ‘नागपूर’ वाचताना आपल्याला चार अक्षरं दिसतात, डेटाबेसला सहा, कारण काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. लेफ्टने चार मागितली तर ‘नागप’ येतं. ‘सीताबर्डी’तून सात घेतली तर ‘सीताबर्’, पाय मोडलेला र लटकत राहतो. म्हणून मराठीत ठरावीक आकड्यावर कापू नये, स्वल्पविराम किंवा मोकळी जागा शोधून तिथे कापावं.

‘दुसऱ्या’सारख्या शब्दांचा घोळ आणखी निराळा. कोणी तो २३५३ क्रमांकाच्या ऱ ने टाइप करतं, कोणी साधा र, हलंत आणि ८२०५ क्रमांकाचा न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पोस्टग्रेसमध्ये शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसऱ्याला शून्य मिळतं. शोधाच्या आधी रिप्लेसने एक रूप दुसऱ्यात बदलून घेतलं की काम होतं. देवनागरी आकड्यांत लिहिलेल्या पिनकोडचंही असंच आहे: पोस्टग्रेस आणि ओरॅकलमधलं ट्रान्सलेट दहाच्या दहा आकडे एका झटक्यात बदलून देतं.

आणि रोमन लिपीत नेऊन काय हाती लागतं ते आपल्या जिल्ह्यातच बघा. सीताबर्डीचं सीताबुल्डी, कामठीचं कॅम्प्टी, सावनेरचं साओनेर, पारशिवनीचं पारसिओनी, आणि प्रत्येकाचं मराठी उच्चाराप्रमाणे लिहिलेलं दुसरं स्पेलिंगही त्याच यादीत. देवनागरीत ‘पारशिवनी’ एका शोधात सापडते. रोमन केल्यावर तिच्यासाठी स्पेलिंगांचा वेगळा तक्ता बनवावा लागतो, आणि तो मी एकदा बनवून बसलोय.