फेअर आयल, गाइड आणि आपली खाडी: ऐरोलीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

फेअर आयल बेटावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. तुमचं म्हणणं असं की, दारात ठाण्याची खाडी आहे, हिवाळा सरता सरता हजारोंनी रोहित (फ्लेमिंगो) तिथे येतात. ते सोडून लाखो रुपये खर्चून स्कॉटलंडच्या उत्तरेला, वाऱ्यापावसाच्या एका बेटावर वाट चुकलेले चार तपकिरी पक्षी बघायला जायचं, ही श्रीमंतांची चैन आहे. तिथेही स्वतः काही शोधायचं नाही. गाइड बोट दाखवणार आणि आपण यादीत खूण करणार. शिवाय विमानाचा धूर. शेवटी तुम्ही एक प्रश्नही विचारलाय, त्याचं उत्तर शेवटीच देते.

पहिली हरकत ‘तिकडचे पक्षी’ आणि ‘आपले पक्षी’ या तुमच्या वाटणीला. सप्टेंबरनंतर ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात कधीही जा, घाणेरीच्या जाळीतून ‘चक्... चक्’ असा कोरडा आवाज येत असतो. तो ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. दहा-बारा ग्रॅमचा, मातकट रंगाचा, नजरेत भरावं असं काही नसलेला पक्षी. फिनलंडपासून पार सायबेरियापर्यंत त्याची वीण होते आणि हिवाळा काढायला तो आपल्याकडे येतो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणून हे नाव. ब्रिटनमधली त्याची पहिली नोंद १९१० सालची, फेअर आयलचीच. येऊरला त्याच्यासाठी कोणी कॅमेराही उचलत नाही. फेअर आयलला तो दिसला की जेवणाच्या टेबलावर ताटं तशीच राहतात.

आता तुम्ही म्हणाल, मग येऊरलाच बघायचा की! मीही वर्षानुवर्षं तेच करत होते, म्हणजे खरं तर ऐकत होते. आपल्याकडे तो झुडपात असतो आणि आवाजावरून ओळखून आपण पुढे चालू लागतो. फेअर आयल हे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट, ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या साधारण मधोमध, आणि त्यावर झाडं जवळपास नाहीतच. समुद्र ओलांडून थकून आलेल्या पक्ष्याला लपायला दगडी बांध, पाण्याचे चर, घरामागचा कोबी-सलगमचा वाफा किंवा कड्यांमधल्या अरुंद घळी, एवढंच मिळतं. त्यामुळे आयुष्यभर पानांआड राहिलेला पक्षी तिथे उघड्या गवतातून चालताना दिसतो. भुवई कुठे संपते, पंख शेपटीच्या मानाने किती आखूड, पाय कोणत्या रंगाचे, सगळं निवांत बघता येतं. पायात ओळखीची कडी घालण्यासाठी पकडलेल्या पक्ष्याच्या पंखात तर बाहेरच्या पिसांपैकी कोणतं कुठे निमुळतं होतं तेही दाखवतात. साध्या रीड वॉर्बलरपासून ब्लाइथ्सला वेगळं काढायची ती पक्की खूण. तेव्हा मी पक्षी बघायला तिथे गेले हे खरं, पण बघून आले तो येऊरचाच.

आता गाइड. तुमच्या लिहिण्यातला सगळ्यात बोचरा भाग हा होता आणि सगळ्यात जास्त बोलायचंय तेही यावरच.

आपल्याकडे गाइड म्हणजे पक्षी दाखवणारा, हे समीकरण पक्कं बसलंय. जितके जास्त दाखवेल तितका चांगला. पावसाळ्याच्या तोंडावर येऊरला नवरंग पक्षी आला की काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. खिशातून ब्लूटूथ स्पीकर निघतो, नवरंगाची शीळ वाजवली जाते, बिचारा हद्द राखायला समोर येतो आणि पंधरा कॅमेरे एकदम खडखडतात. संध्याकाळपर्यंत जागेचा नकाशा चार व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरलेला असतो. हे बघितलेल्या माणसाचा ‘गाइड’ या शब्दावरून विश्वास उडावा, यात नवल नाही.

फेअर आयलला आमच्या गाइडचं निम्मं काम आम्हाला अडवण्याचं होतं. वाफ्यात शिरायचं नाही, ते कुणाचं तरी हिवाळ्याचं अन्न आहे. दगडी बांधावर चढायचं नाही, एक दगड निसटला तर तो परत रचायला माणूस मिळायला हवा. घळीत पक्षी उतरला असेल तर वरून, लांबून बघायचं. तो खात असेल तर खाऊ द्यायचं, उडवायचं नाही. फेअर आयल रेन या चिमुकल्या पक्ष्याची उपजात जगात फक्त याच बेटावर आहे. आमच्यातल्या एकाने फोनवर त्याचा आवाज लावू का म्हणून विचारलं, तर गाइडने फक्त मान हलवली आणि वाऱ्याला पाठ करून उभा राहिला. आम्ही थांबलो. पक्षी स्वतःच्या वेळेने बांधाच्या फटीतून बाहेर आला.

बोट दाखवण्याबद्दल म्हणाल, तर तो फारसं दाखवत नसे. सकाळी वाऱ्याची दिशा सांगायचा. आग्नेयेकडून वारा आणि त्यात पाऊस असेल तर पूर्वेकडचे पक्षी खाली उतरायची शक्यता, म्हणून आज पूर्वेच्या घळी. पश्चिमेचा वारा असेल तर फार आशा नको. मग आम्हाला अंतरा-अंतराने उभं करून चालायला लावायचा आणि स्वतः एका टोकाला राहायचा. पक्षी ज्याच्यासमोर येईल त्याने आधी वर्णन करायचं, नाव नंतर. ‘भुवई आहे, पंखावर पट्टा नाही, पाठीवर रेघा नाहीत’ असं बोलता बोलता आपलं आपल्यालाच उत्तर सापडतं. नाही सापडलं तर नोंदीत ‘ओळख पटली नाही’ असं लिहायचं. हे लिहायची सवय मला ठाण्यात कोणी लावली नव्हती.

या बेटावर साधारण पन्नास माणसं राहतात. चोवीस तास वीज मिळायला २०१८ साल उजाडलं (आपल्या लोडशेडिंगला नावं ठेवताना हे आठवतं). पोहोचायला शेटलंडहून छोटं विमान, नाहीतर बारा उतारू घेणारी ‘गुड शेफर्ड’ बोट. एकच माणूस विमानतळावर अग्निशमनाचा गणवेश घालतो आणि दुपारी मेंढ्या हाकतो. अशा जागी पाहुण्याने मोजलेले पैसे कुठे जातात ते डोळ्यांनी दिसतं. चैन म्हणा, मला चालेल. पण त्या चैनीवर बेटावर माणसं टिकलीत. शंभर वर्षांपूर्वी याच भागातली कितीतरी बेटं ओस पडत होती. माणसं टिकली म्हणून भोवतालच्या समुद्रासाठी भांडणारंही कोणी उरलं. बेटकऱ्यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१६ साली तो समुद्र संरक्षित म्हणून जाहीर झाला.

आणि गाइड असला की माणसं ऐकतात, याचा मोठा दाखला २०२२ चा. बर्ड फ्लूने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्रपक्षी पटापट मरू लागले. ग्रेट स्कुआ, शेटलंडमध्ये ज्याला बोंक्सी म्हणतात, घरट्याजवळ गेलं तर थेट डोक्यावर झडप घालणारा दांडगा पक्षी. ब्रिटनमधली त्याची संख्या नंतर मोजली तेव्हा पाऊणएक घटलेली निघाली, आणि या साथीआधी जगातले निम्म्याहून जास्त बोंक्सी तिथेच वीण करत. त्या जुलैत वीसहून जास्त बेटांवर उतरायला बंदी आली. गाइडच्या कामावर पोट असलेल्यांचा तो भर हंगाम. नुकसान सोसून त्यांनी सहली थांबवल्या.

‘वाट चुकलेले पक्षी’ या मुद्द्यावर येते. मरणाऱ्या जिवाभोवती दुर्बिणी घेऊन उभं राहणं क्रूर आहे, असं तुम्ही लिहिलंय. काही पक्षी अटलांटिकवर संपतात, हे खरंच आहे. पण सगळेच संपतात हा जुना समज. रिचर्ड्स पिपिट हा सायबेरियात वीण करणारा आणि हिवाळ्यात आपल्या दक्षिण आशियात उतरणारा पक्षी. युरोपात तो दिसला की ‘भरकटला’ असंच लिहायचे. दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळ्यात सापडलेल्या काही पिपिटांना कड्या आणि छोटी नोंदयंत्रं लावली, तर ते सायबेरियाकडे जाऊन पुढच्या हिवाळ्यात परत तिथेच आले. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे पश्चिमेकडे जाणारी एक नवी वाट तयार होते आहे. ही वाट लक्षात आली कारण कित्येक दशकं कोणीतरी ‘आज एक दिसला’ एवढंच लिहून ठेवत होतं.

फेअर आयलला हे लिहिणं रोज होतं. रात्री जेवणानंतर सगळे बसतात, पक्षी-वेधशाळेचा वॉर्डन, म्हणजे तिथला प्रमुख, एकेका जातीचं नाव घेतो आणि कोणी कुठे किती पाहिले ते सांगायचं. गावातल्या हरिपाठासारखं, न चुकता. चिमण्यांचाही आकडा घेतात. दुर्मीळ पक्ष्याला जेवढा वेळ तेवढाच टिटवीला. जॉर्ज वॉटरस्टन नावाच्या स्कॉटिश माणसाने दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली क्रीटवर पकडले गेल्यानंतर जर्मनांच्या कैदेत या वेधशाळेचे बेत आखले. परत आल्यावर फेअर आयल बेटच विकत घेतलं, १९४८ साली वेधशाळा सुरू केली आणि १९५४ साली बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे दिलं. तेव्हापासूनच्या नोंदी आहेत. मार्च २०१९ मध्ये वेधशाळेची इमारत आगीत पूर्ण जळाली. पुस्तकं गेली, सामान गेलं. नोंदी वाचल्या, कारण त्या आधीच संगणकावर चढवलेल्या होत्या.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. प्रतिक्रियेत तुम्ही जाता जाता लिहिलंत की, खाडीवर फिरताना भरलेल्या वह्या माळ्यावर ट्रंकेत आहेत. काका, ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. रामसरच्या निकषांत एक निकष नियमितपणे येणाऱ्या वीस हजार पाणपक्ष्यांचा आहे, दुसरा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतल्या एक टक्क्याचा. ‘खूप रोहित होते’ याने तिथे काम होत नाही, तारीख, जागा आणि आकडा लागतो. नवी मुंबईत सीवूड्सच्या तळ्यात भरतीचं पाणी यायचा रस्ता बुजला की तळं कसं कोरडं पडतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा भांडणारे लोक आधी जुने आकडे शोधत होते. तुमच्या ट्रंकेत ते असतील. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या तारखांच्या याद्याही टाकता येतात. टाइप करायला मी आणि आमच्या ग्रुपमधली दोन मुलं येऊ. वह्या घराबाहेर नेणार नाही, तुमच्यासमोर बसूनच करू.

विमानाच्या धुरावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मुंबई-लंडन, पुढे अॅबर्डीन, पुढे शेटलंड, त्यापुढे बेट, हा प्रवास पृथ्वीला महाग पडतो आणि ‘मी कापडी पिशवी वापरते’ हे त्यावरचं उत्तर नव्हे. मी दरवर्षी जाणार नाही. एका पक्ष्याची बातमी आली की खास विमान ठरवून दुपारपुरते बेटावर उतरणारे लोक असतात, त्यांचं समर्थन मला करता येत नाही आणि करायचंही नाही. ज्याला खाडीवरचे तुतवार, म्हणजे चिखलात चरणारे छोटे पक्षी, अजून नीट ओळखता येत नाहीत त्याने आधी भांडुप पंपिंग स्टेशनला दोन हिवाळे घालवावेत, असंच मी विचारणाऱ्याला सांगते. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळी सुटणारी रोहित दाखवणारी बोट तर आहेच. पण म्हणून लांबचं बेट बघूच नये, आणि बघितलंच तर गाइडशिवाय बघावं, हे मात्र मला पटत नाही. गाइडशिवाय गेलेला माणूस त्या वाफ्यात शिरणारच.

आता तुमचा प्रश्न. एवढं सगळं सुनावून झाल्यावर तुम्ही लिहिलंत, ‘माझी भाची एडिंबरोला शिकते, ती तिथे जायचं म्हणतेय, तिला काय सांगू?’ हे वाचून मला हसू आलं, राग मानू नका.

तिला जाऊ द्या. तिथून तिला लांबचं विमानही लागणार नाही. अॅबर्डीनपर्यंत ट्रेन आणि तिथून शेटलंडमधल्या लर्विकची रात्रभराची बोट आहे. पफिन हे समुद्रपक्षी बघायचे असतील तर जून-जुलैची सुरुवात, ऑगस्टमध्ये ते समुद्रावर निघून जातात. स्थलांतर बघायचं असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. गमबूट हवेत, छत्री नको, तिथल्या वाऱ्यात ती उलटीच होते. राहण्याची जागा आधी ठरवावी, बेटावर ऐनवेळी काही मिळत नाही. परतीच्या प्रवासाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. धुकं उतरलं की विमान येत नाही आणि वारा वाढला की बोट सुटत नाही. आणि बोटीनेच जायचं ठरलं तर उलटीची गोळी धक्क्यावर असतानाच घ्यायची. लाटा लागायला लागल्यावर तिचा उपयोग नसतो.