‘बिनधास्त जा, सगळं होतंय’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

आज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर एक रील आली. न्यूझीलंडचा रस्ता, भाड्याची गाडी, मागे निळंशार तळं आणि खाली मजकूर: ‘प्लॅनिंग कसलं करताय, बिनधास्त जा, सगळं होतंय.’ बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. एकाने तर लगेच बारा दिवसांचा आराखडाच टाकला. ऑकलंड ते क्वीन्सटाउन, दोन्ही बेटं, रोज चारशे किलोमीटर. डोकंच फिरलं.

कारण त्याच ग्रुपवर आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी आणि काकू आहेत. दोघं गेल्या वर्षी ख्राइस्टचर्चला उतरले. गाडीचं बुकिंग मुलाने पुण्यात बसून स्वतःच्या कार्डावर केलेलं, भाडं पूर्ण भरलेलं. काउंटरवर गुरुजींनी डेबिट कार्ड पुढे केलं आणि तिथंच सगळं अडलं. गाडी बाहेर उभी, पण किल्ली मिळेना. पुढचा सगळा प्रवास दोघांनी बसने केला. परत आल्यावर याच ग्रुपवरच्या काहींनी ‘इंग्रजी कमी पडलं असेल’ असं म्हणून घेतलं. गुरुजींचं इंग्रजी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे. त्यांना कमी पडली ती माहिती, आणि ती कुठल्याच रीलमध्ये नसते.

तर ती आधी सांगतो. भाड्याचे पैसे वेगळे आणि डिपॉझिट वेगळं. किल्ली देताना कंपनी तुमच्या क्रेडिट कार्डावर ठरावीक रक्कम अडवून ठेवते. ती कापली जात नाही, पण गाडी परत दिल्यावरही मोकळी व्हायला काही दिवस जातात. कार्ड गाडी चालवणाऱ्याच्या, म्हणजे ज्याच्या नावावर करार आहे त्याच्या नावाचं लागतं. मुलाचं, जावयाचं चालत नाही. शिवाय मर्यादा पुरेशी हवी: समजा लाखभराची मर्यादा आहे आणि तिकिटांतच ऐंशी हजार गेलेत, तर डिपॉझिट बसणार कुठं? कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये स्वतः चालू करावे लागतात, तेही इथं असतानाच करा. ओटीपी आपल्या भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवा आणि नेटसाठी तिथलं वेगळं घ्या. ठीक आहे, काही कंपन्या डेबिट कार्ड घेतात, मान्य. पण बहुधा जास्तीचा विमा गळ्यात मारूनच. ते बुकिंगच्या अटींत आधी वाचायचं, उतरल्यावर विचारत बसायचं नाही.

लायसनचं बघा. आपल्या कोल्हापूरच्या (एमएच-०९) स्मार्ट कार्डावर इंग्रजी असतं, त्यामुळे न्यूझीलंडला पाहुण्याला तेवढं चालतं. पण कार्ड हातात हवं, मोबाइलमधली डिजीलॉकरची प्रत काउंटरवर दाखवून भागत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना तरीही काढून ठेवा: फॉर्म ४ए, १ए चा वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, व्हिसा आणि १,००० रुपये फी. मुदत एक वर्ष. तो मूळ लायसनसोबतच ग्राह्य असतो, एकटा नाही. आणि तो मायदेशातच निघतो, तिथं पोचल्यावर मिळत नाही. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारात घाला. नाव नसलेल्याच्या हातून ठोकली, तर विमा हात वर करतो.

आता विमा, इथं तर लोक डोळे झाकूनच सही करतात. ‘विमा आहे’ म्हणजे अपघात झाल्यावर सगळं फुकट असं नसतं. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, त्याला एक्सेस म्हणतात, आणि तो कित्येक हजार डॉलर असू शकतो. रोजचे काही डॉलर जादा दिले की तो कमी होतो. पण टायर, काच, गाडीचं पोट आणि टप हे भाग साध्या योजनेत बरेचदा वगळलेले असतात. खडीच्या रस्त्यावर नेमकं तेच फुटतं. काही रस्ते तर करारातच बंद असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन आणि उत्तरेचा नाइंटी माइल बीच हे नेहमीचे दोन. तिथं गेलात तर विमा संपला. गाडी ताब्यात घेताना चारी बाजू, चाकांच्या रिमा, काच, टप आणि पेट्रोलचा काटा असा सलग व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे कागदावर लिहून घ्या. परत देतानाही तसाच काढा.

हे सगळं गुरुजींना कुणी सांगितलं असतं, तर एका संध्याकाळीत झालं असतं. राग येतो तो याचाच.

आता त्या बारा दिवसांच्या आराखड्याकडे येतो. ऑकलंड ते वेलिंग्टनच साधारण ६४० किलोमीटर, म्हणजे आठ तास नुसतं स्टिअरिंग. मग दोन बेटांमधली कुक सामुद्रधुनी ओलांडायला साडेतीन तासांची फेरीबोट. काही कंपन्या गाडी बोटीतून नेऊ देत नाहीत, वेलिंग्टनला सोडायची आणि पिक्टनला दुसरी घ्यायची. सामानाची पुन्हा उतरवाउतरव. बघणार काय, बोनेट? पहिलीच खेप असेल तर एकच बेट घ्या, दक्षिणेचं. ख्राइस्टचर्चहून टेकापो सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास. तिथून माउंट कुकचं गाव शंभरेक किलोमीटर; शेवटचे ५५ किलोमीटर एकाच रस्त्याने आत जायचं आणि त्याच रस्त्याने बाहेर यायचं, ते हिशेबात धरा. मग लिंडिस खिंडीतून वानाका, पुढे क्वीन्सटाउन आणि शेवटी ‘ते अनाऊ’ नावाचं गाव. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी नको. नकाशावरच्या वेळेत निदान चौथा हिस्सा मिळवा, कारण नकाशाला तुम्ही फोटोला थांबणार हे ठाऊक नसतं.

मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीचं वेगळं सांगतो. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येऊ म्हणणारे फार. जायलाच २८७ किलोमीटर, चार तास, तेवढंच परत, मध्ये दोन तासांची बोट. परतताना अंधार, थकवा आणि वळणं. त्यापेक्षा ‘ते अनाऊ’ला मुक्काम टाका, तिथून दोन तास लागतात. पेट्रोलची टाकी तिथंच भरा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, त्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. हास्ट ते वानाका पट्ट्यातही तीच गत.

शिवाय तुम्ही जाणार कधी? मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा तिथं थंडी सुरू झालेली असते. मेच्या शेवटी क्वीन्सटाउनला सूर्य आठनंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. सकाळी सावलीतल्या वळणांवर डांबरावर पातळ बर्फ असतो, तो दिसत नाही, नुसता रस्ता ओला वाटतो. तिथं ब्रेक मारला की गाडी सरळ जाते. वेग आधीच कमी करायचा, स्टिअरिंगला हिसका द्यायचा नाही. थंडीत मिलफर्डच्या वाटेला चाकांच्या साखळ्या जवळ लागतात. त्या घेताना काउंटरवरच एकदा बसवून बघा. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत जा, तेव्हा तिथं वसंत असतो आणि उजेडही भरपूर.

चालवण्याची मला काळजी नाही, हे मनापासून म्हणतो. ज्यांनी पावसाळ्यात करूळचा घाट केलाय, त्यांना वळणं नवी नाहीत. बाजूही आपलीच, डावी. गोलचक्रात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, स्टॉपच्या पाटीवर चाक पूर्ण थांबवायचं, रस्ता रिकामा असला तरी. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा शंभरची, पण बहुतेक रस्ते दुभाजक नसलेले दुपदरी. आपल्या बाजूला पिवळी अखंड रेघ असेल तर ओव्हरटेक नाही. मागे गाड्यांची रांग लागली तर डावीकडच्या जागेत थांबून त्यांना वाट द्या, हॉर्नची गरज पडणार नाही.

एकेरी पूल मात्र नीट समजून घ्या. लाल कडेच्या गोल पाटीत तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या पाटीत तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर मान तुमचा, तरी समोर बघूनच जायचं. सात वर्षांखालच्या मुलाला त्याच्या मापाची सीट लागते, ती बुकिंग करतानाच मागा. मांडीवर घेऊन बसणं तिथं चालत नाही. आणि तो हट्ट मायेपोटी असला तरी मला तो इथंही पटत नाही.

खाण्याचं काकूंकडून शिका. त्यांनी कांदा-लसूण मसाला, चटणी, भडंग सगळं नेलं होतं आणि आगमनाच्या फॉर्ममध्ये एकूण एक लिहिलं. तिथल्या अधिकाऱ्याने बघितलं आणि जाऊ दिलं. लपवून नेलेलं सापडलं की ४०० डॉलर दंड जागेवरच, मग विसरलो म्हणून उपयोग नाही. मध, बिया, ताजी फळं नेऊच नका. बुटांना माती असेल तर घासून धुवा. तो फॉर्म ऑनलाइन फुकट भरता येतो, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

टूरवाल्यांबरोबर जाणारेही सुखाने फिरून येतात, खरंय. ज्यांना तेच हवं त्यांनी तसंच जावं. पण गुरुजींना आपल्या मनाने तळ्याकाठी गाडी थांबवायची होती, त्याच्यासाठी त्यांनी पेन्शनमधून साठवलं होतं. त्यांच्यावर हसणाऱ्यांनी तो मेसेज मागे घ्यावा, ही माझी सरळ मागणी आहे.

ते दोघं दिवाळीनंतर परत जायचं म्हणताहेत. गुरुजींनी स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढलंय, मर्यादेचं बँकेशी बोलणं चालू आहे. मी एवढंच सुचवलंय की उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका. इथून मुंबई, मग सिंगापूर, मग ख्राइस्टचर्च असा प्रवास, वर साडेसात तासांचा फरक; त्या झोपेत शंभरच्या वेगाला बसायचं नाही. एक रात्र विमानतळाजवळ झोपा, सकाळी दहाला किल्ली घ्या. भाडं चोवीस तासांवर मोजतात, त्यामुळे एका दिवसाचे पैसेही वाचतात. आणखी कुणी निघणार असेल तर तारखा आणि मुक्काम खाली लिहा, रोजचे तास बसतात का ते मी बघून सांगतो.