एक बरा की दोन?

आमच्या देवगड तालुक्यात माणूस धंद्यावरून ओळखला जातो, आणि ती ओळख एकदा चिकटली की सरणापर्यंत सुटत नाही. निवृत्त मास्तर मास्तरच राहतात. एसटी सोडून आंब्याच्या पेट्या भरायला लागलेला कंडक्टर कंडक्टरच राहतो. मी मात्र गावाची पंचाईत करून ठेवली आहे. आधी मी दगड बघायचो, आता डोळे बघतो. माझं घर विचारत कोणी आला की त्याला 'चष्म्यांचो दगडवालो' असा पत्ता सांगितला जातो. बँकेच्या अर्जात 'व्यवसाय' या दीड इंची रकान्यात मी 'भूवैज्ञानिक व दृष्टितज्ज्ञ' कोंबून लिहिलं, तर टेबलापलीकडच्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "यातलं खरं कुठलं?" दोन्ही खरी आहेत म्हटल्यावर त्यांनी शांतपणे 'इतर' वर खूण केली.

मुळात मी भूशास्त्राचा एम.एस्सी. नोकरी मिळाली ती विहिरींच्या जागा शोधायची, कंत्राटी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो, या कोड्याचं उत्तर जांभ्यात आहे. (याच दगडाला 1807 साली फ्रान्सिस बुकॅनन या साहेबाने मलबारात 'लॅटराइट' नाव दिलं. आम्ही त्याचे चिरे काढून घरं बांधत होतोच, नावावाचून काही अडलं नव्हतं.) जांभ्याच्या अंगभर भोकं. जुलैत विहिरीचं पाणी वाकून हाताने घ्यावं इतकं वर येतं. पण सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीपर्यंत पोचतं, तिच्यावरून सरकत उताराला झऱ्यांनी बाहेर पडतं आणि खाडीला जाऊन मिळतं. शिमगा होईस्तोवर विहिरीत कासव तेवढं उरतं. हे सगळं मी ग्रामसभेत फळ्यावर आकृती काढून सांगायचो. लोक मन लावून ऐकायचे, मान डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "ता सगळा बरोबर. पण पाणी खय लागतला?"

त्यासाठी माझ्याकडे यंत्र होतं. जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंत दाब मोजायचा. ओल असेल तिथे विरोध कमी भरतो. पुस्तकात हे फार सुटसुटीत दिसतं, कारण पुस्तकातल्या जमिनीत खुंटी शिरते. आमच्या सड्यावर हातोडा वाकतो, खुंटी जागची हलत नाही. मग खुंटीच्या बुडाशी चार ढेकळं मातीची रचायची आणि विजेला वाट मिळावी म्हणून त्यावर तांब्याने मिठाचं पाणी ओतायचं. एका म्हातारीने हे बराच वेळ पाहिलं आणि हात जोडून विचारलं, "ह्यां काय घालतास? तीर्थ?" मी नाही म्हणेपर्यंत तिने खुंटीला एक जास्वंद वाहिलंही होतं.

माझा खरा प्रतिस्पर्धी होता गावचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो आवारात फिरायचा. नारळ उभा राहिला की टाच आपटून सांगायचा, "हय. तीस फूट. गोड." मी म्हणायचो, "इथे पाणी लागण्याची शक्यता बरी आहे, मात्र उन्हाळ्यात पातळी खाली जाऊ शकते." आता सांगा, कर्ज काढून विहीर खणणारा माणूस कोणाचं ऐकेल? पाणाड्याच्या फीमध्ये तो नारळही धरलेला असायचा. संध्याकाळी त्याच्या घरी सोलकढी.

पुढे निधी संपला म्हणून कंत्राट संपलं. तिशीत मी दृष्टिमितीच्या कॉलेजात विशीतल्या पोरांशेजारी जाऊन बसलो. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचं. लोकांना वाटतं मी दोन टोकांच्या गावांत संसार केला. तसं काही नाही. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेसाल्टची चकती घासून घासून 0.03 मिलिमीटर इतकी पातळ केली की तो काळाकुट्ट दगड आरपार दिसायला लागतो. मग ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातलं एकेक खनिज, प्रकाशाला किती वाकवतं त्यावरून ओळखायचं. त्या सूक्ष्मदर्शकाला लागणारा लोलक विल्यम निकोल यांनी 1828 मध्ये केला, तोही कॅल्साइट या दगडाचाच. म्हणजे प्रकाश वाकण्याचाच हिशेब मी आयुष्यभर करत आलो. फरक एवढाच, की दगडाला 'हे बरं दिसतं की ते?' असं विचारावं लागत नव्हतं.

कारण माझ्या रोजच्या छळाचं मूळ या एका प्रश्नात आहे. दुकानाचा गाळा दहा फुटांचा. अक्षरांचा तक्ता, 1862 मध्ये स्नेलेन या डच डॉक्टरांनी काढला तो, सहा मीटरवरून वाचायचा असतो. म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे, उलटा छापलेला, आणि समोर आरसा. तीन मीटर जायचे, तीन यायचे. पुष्कळांचा पहिला वेळ आरशात केस नीट करण्यात जातो. मग मी त्यांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवतो, एक काच घालतो, काढतो, दुसरी घालतो आणि विचारतो, "एक बरा की दोन?"

"दोनय बरे."

"त्यातल्या त्यात?"

"तुमका काय वाटता?"

मला काय वाटायचं! डोळा त्यांचा. पण आमच्याकडे कोणाच्या तोंडावर त्याची वस्तू वाईट म्हणत नाहीत, भिंगसुद्धा. एका काकींनी तर लाल आणि हिरव्या चौकटीतली कुठली अक्षरं ठळक, यावर सांगितलं, "हिरवी. पण लाल दिसाक शोभिवंत." मासेमारी करणाऱ्यांचं आणखी वेगळं. चाळिशी उलटलेला तांडेल खाडीच्या तोंडाशी आलेली होडी कोणाची ते दुकानाच्या पायरीवरून सांगतो, आणि जाळं विणायची सुई हातात घेतली की हात लांब लांब नेत राहतो. डोळ्यातलं भिंग ताठरतं, त्याला जवळचं पकडता येत नाही, हे मी समजावलं. त्याने मान्य केलं, पण दोष हाताला दिला. "हात आखूड पडतत."

दगडांनी पाठ सोडली म्हणावं तर तेही नाही. प्रत्येक चौथं गिऱ्हाईक खिशातून पुडी काढतं. "ह्यो हिरो आसा काय बघा." असतो क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. ज्यांचं सोनं असतं त्यांचा अभ्रक निघतो. परवा एक गृहस्थ आले, डोळे तपासून घेतले, इकडेतिकडे पाहिलं आणि काडेपेटी उघडून माझ्यासमोर ठेवली. कापसावर वाटाण्याएवढा तपकिरी, काटेरी खडा. मी सवयीने भिंग लावून निरखला. स्फटिक छान होते. "कुठे सापडला?" विचारलं तर त्यांनी ओशाळून पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला. मुतखडाच तो, बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा. आता माहिती असली की गप्प बसवत नाही. मी सांगून टाकलं, की हाच पदार्थ जमिनीतही सापडतो आणि त्याचं खनिजशास्त्रातलं नाव व्हेवेलाइट. गृहस्थांचा चेहरा उजळला. इतके दिवस ज्याने रात्ररात्र लोळवलं तो कोणी ऐरागैरा नव्हता. काडेपेटी त्यांनी छातीच्या खिशात ठेवली. चष्म्याची ऑर्डर द्यायला मात्र विसरले.

ओरखड्यांची तक्रार तर पाचवीला पुजलेली. महिन्याभरात काच खरवडून आणायची आणि म्हणायचं, "तुमचो माल हलको." मी मोह्सची कथा लावतो. 1812 मध्ये या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने कठीणपणाची पट्टी केली, एकपासून दहापर्यंत. हिरा दहा, क्वार्ट्झ सात, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, आणि चष्म्याचं प्लास्टिक त्याहून कितीतरी मऊ. किनाऱ्यावरची वाळू पंच्यात अडकते, तिच्यात क्वार्ट्झ असतं. त्या पंच्याने कोरडी काच पुसणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. आधी पाण्याखाली धरा, मग पुसा. समोरचे दादा सगळं ऐकून घेतात आणि निकाल देतात, "म्हणजे चूक वाळूची. मग माका काच फुकट बदलून देवक काय हरकत?"

गेल्या चैत्रात पाणाड्या आला. मोबाइलवरचे आकडे लागत नव्हते. एका डोळ्याच्या कोपऱ्यातून वडस, म्हणजे मांसल पडदा, बुबुळाकडे सरकत होता. उन्हातान्हात, वाऱ्यात हयात काढलेल्यांचं हे दुखणं. तो डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. मग फ्रेम चढवली, काच फिरवली.

"एक बरा की दोन?"

"एक."

पुन्हा फिरवली. "आता?"

"दोन. अर्धो नंबर वाढव."

असा रुग्ण मला आजवर भेटलेला नाही. दहा मिनिटांत काम संपलं, आणि नंबर त्याने म्हटला तेवढाच निघाला. बिल लिहिताना त्याने खुर्ची पुढे ओढली, दाराकडे एकदा बघून घेतलं.

"तुझा ता खुंट्यांचा मशीन अजून आसा?"

"आहे माळ्यावर. का?"

"माझ्या परसात बाव मारूची आसा."

"मग नारळ?"

"नारळ लोकांच्या बावीक," तो म्हणाला. "तू मशीन घेऊन ये. पण काळोख पडल्यावर. गावात कळला तर माझो धंदो बसतलो. आणि फी वेगळी लावू नको. चष्म्यातच धर."