आर्वीकडची 'जपानी आरडी' : खुलासा

आर्वीकडच्या एका गोठ्यात 'अस्सल जपानी यामाहा आरडी ३५०' ही जुनी मोटारसायकल सापडल्याचा मेसेज चार दिवसांपासून फिरतोय. काल मी स्वतः जाऊन पाहिली. पऱ्हाटीच्या ढिगामागे उभी आहे. टाकीवरची कोंबड्यांची घाण पुसली, तर खाली 'राजदूत' अशी अक्षरं. पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक. जपानच्या आरडी ३५० बी मॉडेलला तिथं डिस्क ब्रेक असायचा. म्हणजे ही एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीनं यामाहाच्या परवान्यानं १९८३ पासून भारतातच बनवलेली राजदूत ३५०. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, सहा गिअर. घराणं तेच, आणि आता हीसुद्धा सहज मिळत नाही.

भाऊ, जपानी दिसावी म्हणून तिचा मूळ ड्रम काढू नका. सौद्याआधी आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून घ्या.