हक्कच नाही, तर सही कशाला मागता?

"सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल! माहेरच्या जमिनीचे वाद कायमचे मिटले" हा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. मुलीला माहेरच्या जमिनीत हक्क नाही, असं पटवणारे एकेक मुद्दे त्यात दिलेत. निकालाचं नाव नाही, तारीख नाही, न्यायमूर्ती कोण याचा पत्ता नाही. "जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा" मात्र ठळक अक्षरात. माझ्या मामेबहिणीला तो तिच्या सख्ख्या भावाने पाठवला आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, "तायडे, रविवारी ये, एका कागदावर सही हवीये." तिने मला विचारलं, "दादा, कायदाच तसा झालाय म्हणे. मग करून टाकू का सही?"

मी वकील नाही, दस्त लिहिण्याचं काम करतो. पण या मेसेजातला खोटेपणा ओळखायला वकील लागत नाही.

सहावा मुद्दा आधी घेतो, कारण मेसेजाचं पोट तिथेच उघडं पडतं: "बहिणीकडून 500 रुपयांच्या स्टॅम्पवर हक्कसोड नोटरी करून घ्या, पुढे कटकट नको." वर पहिल्याच मुद्द्यात म्हटलंय की मुलीला हक्कच नाही. अहो, हक्क नाही तर ती सोडणार काय? स्थावर मिळकतीतला हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दुय्यम निबंधकासमोर नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्याने हक्क हलत नाही. तरी हा कागद निरुपद्रवी समजू नका. दहा वर्षांनी हाच कागद कोर्टात येतो आणि भाऊ सांगतो, "तोंडी वाटणी आधीच झाली होती, हा त्याचा नुसता लेख." मग बहिणीला स्वतःचीच सही खोडून काढायला तारखा मोजाव्या लागतात. म्हणून तो मागितला जातो, प्रेमाने, चहाबरोबर.

आता पहिला मुद्दा: "वडील 9 सप्टेंबर 2005 च्या आधी वारले असतील तर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत काहीही मिळत नाही." हे वाक्य हवेतून आलेलं नाही, एवढं नाइलाजाने मान्य करतो. मुलीला मुलासारखाच जन्मतः हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती त्या तारखेला लागू झाली आणि 2015 साली प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात सुप्रीम कोर्टाने खरंच म्हटलं होतं की त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. 2018 मध्ये दानम्मा खटल्यात त्याच कोर्टाने 2001 साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना वाटा दिला. तेव्हा वकीलही डोकं खाजवत होते.

पण हा गोंधळ 11 ऑगस्ट 2020 ला संपला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. न्या. अरुण मिश्रा यांच्यासह तिघांच्या खंडपीठाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने येतो, मुलासारखाच; वडील 2005 साली हयात असण्याची गरज नाही. फुलवतीचा निकाल त्यात रद्दबातल ठरला. म्हणजे मेसेज ज्याला "ऐतिहासिक" म्हणतो तो निकाल कधीच मोडीत निघालाय. कोणीतरी जुनं कात्रण काढून त्यावर ताजी तारीखही न टाकता ते फिरवतोय.

आणि "काहीही मिळत नाही" हे तर जुन्या कायद्यातही खरं नव्हतं. हिशेब मांडून दाखवतो. मामा 1998 साली मृत्युपत्र न करता गेले, मामी त्याआधीच गेली होती. मागे दोन मुलगे, 1994 आधीच लग्न झालेली एक मुलगी, वडिलोपार्जित जमीन 9 एकर. जुन्या पद्धतीत वडील आणि दोन मुलगे असे तीन वाटे धरायचे, 3-3 एकर. मग वडिलांचे 3 एकर तिन्ही मुलांत. मुलीला 1 एकर. नव्या कायद्याने मुलगीही मुळात हिस्सेदार, म्हणून वडील आणि तीन मुलं असे चार वाटे, सव्वादोन एकरांचे. वडिलांचा वाटा पुन्हा तिघांत, पाऊण-पाऊण एकर. मुलीचे झाले 3 एकर. मेसेजवाल्याने 3 चा आकडा शून्य करून दाखवला. जुन्या कायद्याने निदान 1 तरी दिला होता.

दुसरा मुद्दा वाचून तर माझं डोकंच फिरलं: "लग्नात खर्च केला, हुंडा दिला, म्हणजे वाटणी पोचली." हुंडा देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती दाखवून वाटणी चुकती झाल्याचं सांगायचं? गोव्यातल्या एका कुटुंबाच्या वादात मुंबई हायकोर्टाने 2023 साली स्पष्ट म्हटलं की मुलींना हुंडा दिला असं गृहीत धरलं तरी घरच्या मिळकतीतला त्यांचा हक्क संपत नाही. त्या वादाला लागू झालेला वारसा कायदा वेगळा, पोर्तुगीज काळातला. पण भावांचा युक्तिवाद मात्र अगदी आपल्याकडचाच. मुलाच्या लग्नात मांडव, बॅण्ड, पंगती फुकट झाल्या होत्या काय?

बाकीचे मुद्दे भराभर. "सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे मालकी नाही": सातबारा महसूल वसुलीसाठीची नोंद आहे. ती बरोबर आहे असं धरून चालतात, उलट सिद्ध होईपर्यंत. तिने मालकी जन्मत नाही आणि नाव नसल्याने मरत नाही. आमच्या मामाच्या सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे "ए. कु. मॅ." असं लिहिलंय. एकत्र कुटुंब मॅनेजर. तो शेराच सांगतो की जमीन एकट्याची नाही.

"बारा वर्षं कसली की जमीन कसणाऱ्याची": परक्याने उघडपणे, मालकाला न जुमानता ताबा ठेवला तर तसा दावा होऊ शकतो. भावाचा ताबा मात्र सगळ्या हिस्सेदारांच्या वतीने धरला जातो. बहिणीचा हक्क मी नाकारतो, असं त्याने तिला कळेल असं उघडपणे ठणकावलेलं असावं लागतं. दिवाळीला साडी आणि तांदळाचं पोतं पाठवणाऱ्या भावाने ते कधी केलं?

"नॉमिनी हाच मालक": नाही. मुंबईतल्याच एका मराठी कुटुंबाच्या वादात डिसेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने शेअर्सबाबतही हेच सांगितलं. नॉमिनीच्या हाती येतं खरं, पण वारसांचा हक्क तसाच राहतो.

मामाचा तालुक्याला एक गाळाही आहे, स्वतःच्या कमाईतला. धाकटा तिथे किराणा चालवतो आणि गुमास्ता लायसन्स दाखवून "दुकान माझं" म्हणतो. धंदा त्याने वाढवला, गिऱ्हाईक त्याने जोडलं, ते त्याचंच, यात वाद नाही. पण लायसन्स धंद्याचं असतं. मृत्युपत्र नसताना गाळा तिन्ही मुलांचा, सारखा.

मेसेजाच्या बाजूचंही सांगायला हवं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालं असेल, किंवा जमीन विकली गेली असेल, तर ते उकरता येत नाही. नुसत्या तोंडी वाटणीची गोष्ट कोर्ट ऐकत नाही. सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच, तेही अपवादाने. शिवाय वडिलांनी स्वकष्टाची मिळकत मृत्युपत्राने एकाच मुलाला दिली असेल तर मुलगी काही करू शकत नाही, दुसरा मुलगाही नाही. आणि मुलींना हिस्सा देणाऱ्या महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली खरंच वगळल्या होत्या. "लग्न झालेल्या मुलीला नाही" हे आजही कानावर येतं ते तिथूनच. 2005 च्या दुरुस्तीने तो भेद काढून टाकला.

तायडीला सांगितलंय ते असं. रविवारी जा, जेव, सही करू नकोस. खरंच भावांना द्यायचं मनात असेल तर तो तुझा अधिकार. पण मग दुय्यम निबंधकासमोर, काय सोडतेस ते गट नंबरासह वाचून. तोवर सरकारच्या "आपली चावडी" या वेबसाइटवर गावाच्या फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या, नोटिसा बघत राहा. तुझं नाव वगळून वारस नोंद लागली तर नोटिशीपासून पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. हरकत आली की नोंद परस्पर मंजूर होत नाही, सुनावणी लावावी लागते.